कन्सोल उघडला की लगेच 'माउसवाला'?

तळमजला:
परवा एका साहेबांनी पोस्ट टाकली: 'वेबलॉजिक ब्राउझरमधून चालवतो तो माउसवाला. खरा ॲडमिन डब्ल्यूएलएसटीच वापरतो.' (वेबलॉजिक म्हणजे ओरॅकलचा ॲप्लिकेशन सर्व्हर, कन्सोल म्हणजे त्याचं ब्राउझरमधलं ॲडमिन पान, आणि डब्ल्यूएलएसटी म्हणजे तेच काम जायथन भाषेतल्या कमांड आणि स्क्रिप्टने करायचं साधन.) डोकं फिरलं. रात्री दीडला ॲप्लिकेशन गारठतं तेव्हा हे साहेब काय करतात? मी कन्सोलमध्ये डेटासोर्सचा, म्हणजे डेटाबेस कनेक्शनच्या साठ्याचा, मॉनिटरिंग टॅब उघडतो. कनेक्शनसाठी ताटकळणाऱ्यांचा आकडा चढतोय, इकडे हॉगिंग थ्रेड (एकाच कामात फार वेळ अडकलेले) वाढतायत, म्हणजे कोडमध्ये कुणीतरी कनेक्शन घेऊन परत देत नाहीये. कळलं, डेव्हलपरला उठवलं. तेवढ्यासाठी डब्ल्यूएलएसटीत डोमेनरनटाइमच्या झाडात (चालू सर्व्हरची माहिती तिथे असते) सीडी-एलएस कमांड मारत फिरू? शिवाय बदल करायचे तर कन्सोलमध्ये 'लॉक अँड एडिट' आहे. एकाने लॉक घेतला की दुसरा मध्ये लुडबुड करू शकत नाही.

जायथनवाला:
बघायला कोण नको म्हणतंय? बदल करू नका. आमच्याकडे एका महाभागाने कन्सोलच्या 'सर्व्हर स्टार्ट' टॅबमध्ये हीप (जावाची मेमरी) वाढवला आणि तिकीट बंद केलं. सर्व्हर हाताने, शेल स्क्रिप्टने चढवलेला! तो टॅब फक्त नोड मॅनेजर, म्हणजे सर्व्हर चालू-बंद करणारा वेबलॉजिकचा प्रोग्राम, वाचतो. पुढच्या महिनाअखेरीला परत आउट ऑफ मेमरी. आणि २०२० चं सीव्हीई-२०२०-१४८८२, कन्सोलमधलं ते सुरक्षेचं भगदाड, विसरलात? यूआरएलमध्ये डबल एन्कोड केलेलं डॉट-डॉट-स्लॅश टाकलं की पासवर्डशिवाय थेट आत. ऑक्टोबरात पॅच आला, तोही पुरला नाही म्हणून नोव्हेंबरात आणखी एक. शेवटी १४.१.२ मध्ये ओरॅकलने तो कन्सोलच काढून टाकला.

तळमजला:
काढला आणि रिमोट कन्सोल दिला. त्यातही माउसच लागतो, साहेब! आणि कन्सोलचा ७००१ पोर्ट जगासाठी उघडा ठेवणाऱ्याचं पाप कन्सोलच्या माथी का? टॉमकॅट या दुसऱ्या जावा सर्व्हरचं मॅनेजर पान हल्ली मुळात त्याच मशीनवरून उघडतं. लोकच कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमधला व्हॉल्व्ह (बाहेरच्यांना अडवणारी ओळ) कॉमेंट करून बंद करतात आणि मग गळा काढतात.

हिंजवडी_फेज३:
तळमजला, लॉकचं कौतुक जरा आवरा. आमच्या प्रोजेक्टात अख्खी टीम 'वेबलॉजिक' या एकाच युजरने लॉगिन करायची. त्याच युजरने दुसरा डब्ल्यूएलएसटीतून आला की तो तुमच्याच एडिट सेशनमध्ये शिरतो, लॉक त्याला अडवतच नाही. ऑनसाइटवाल्याचे अर्धवट बदल माझ्या ॲक्टिव्हेटबरोबर प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या चालू सर्व्हरवर, गेले. लॉगमध्ये नाव काय? वेबलॉजिक! मेमो मात्र मला.
आणि स्क्रिप्टवाल्यांनी फार उड्या मारू नयेत. सगळं ऑटोमेट झालं तशी रात्रीची माणसं निम्मी केली. शिफ्ट भत्ता गेला, वर फुकटचा ऑन-कॉल (घरी असलो तरी फोन उचलायचा) आला.

जायथनवाला:
माणसं स्क्रिप्टने काढली की मॅनेजरने?

हिंजवडी_फेज३:
स्क्रिप्ट दाखवूनच काढली ना! तुम्ही डेमो दिलात, टाळ्या घेतल्यात. रात्री तीनला फोन आम्हाला येतो.

जायथनवाला:
डेमो मी दिला? तोंडाला येईल ते बोलू नका. मीही ऑन-कॉलच करतोय, माझ्या पोराच्या बारशातही लॅपटॉप उघडून बसलो होतो.

दोन_नंबर_डेस्क:
अहो, भांडण कन्सोलचं होतं ना? त्याच जुन्या कन्सोलमध्ये वर 'रेकॉर्ड' बटण आहे. क्लिक करत जा, डब्ल्यूएलएसटी स्क्रिप्ट तयार होते. यूएटीवर (चाचणीच्या सर्व्हरवर) माउस, प्रॉडक्शनला स्क्रिप्ट. आणि प्रत्येकाला आपापला युजर द्या, त्याला पैसे पडत नाहीत.

जायथनवाला:
ते रेकॉर्डिंग साफ करायला लागतं, जसंच्या तसं चालवलंत तर फसाल. पण ठीक आहे, काहीच नसण्यापेक्षा बरं. माउसवाल्यांनी तेवढं केलं तरी गंगेत घोडं न्हालं.

तळमजला:
उपकार झाले. नोड मॅनेजरचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यात दोष शेल स्क्रिप्टने सर्व्हर चढवणाऱ्याचा.

हिंजवडी_फेज३:
ते राहू दे. ऑन-कॉलला कुणाला आठवड्याचे ठरावीक पैसे मिळतात का? आमचा एचआर म्हणतो, कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) घ्या. रिलीज संपल्याशिवाय तो मंजूर होत नाही, आणि आमचं रिलीज कधी संपतच नाही.

दोन_नंबर_डेस्क:
आमच्याकडे फोन आला तरच पैसे. म्हणून काही जण अलर्टची मर्यादा मुद्दाम खाली ठेवतात. मी नाही हं.