ग्रिलच्या एवढ्याशा फटीतून बोका बाहेर जातोच कसा??

चकलीचा_सोऱ्या:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दीड वर्षाचा बोका आहे, बाळ्या, चांगला साडेचार किलोचा, सोफ्यावर पसरला की दुसऱ्या कुणाला जागा नाही. किचनच्या ग्रिलला दोन गजांमध्ये साडेतीन इंच फट (टेप लावून मोजली हो) आणि हा पठ्ठ्या रोज त्यातून छज्ज्यावर जाऊन कबुतरं बघत बसतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई म्हणतात मांजराला हाडंच नसतात, आणि नवरा म्हणतो पडलं तरी पायावरच पडतं, जाळीचा खर्च कशाला. दोघांना काय उत्तर देऊ?

इंजेक्शनवाली:
व्हेटरिनरीला शिकतेय म्हणून बोलते. हाडं आपल्यापेक्षा जास्त असतात ताई, आपली 206, त्यांची शेपटी धरून 230 च्या पुढेच. खरी गंमत कॉलरबोनची. आपली कॉलरबोन एकीकडे छातीच्या हाडाला नि दुसरीकडे खांद्याला पक्की बसलेली, म्हणून आपले खांदे रुंदच राहतात, कितीही आवळा. मांजराची म्हणजे काडीएवढं हाड, नुसतं स्नायूत अडकलेलं, दुसऱ्या कुठल्या हाडाशी सांधाच नाही! बाळ्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, आधी डोकं, मग एक खांदा, मग दुसरा, दोन्ही एकदम काही घालणार नाही. कवटी मात्र दबत नाही, त्यामुळे डोकं गेलं की बाकीचा माल पण जातो.

गच्चीवरचा_काका:
आणि मिशा विसरू नका, फट केवढी याचा अंदाज मांजर मिशांनी पण घेतं. त्यांची मुळं कातडीत खोल असतात, हवा जरा हलली तरी कळतं, आणि तसेच केस पुढच्या पायांना मागच्या बाजूने मनगटाशी पण असतात, हात लावून बघा. आमच्या भाच्याने लहानपणी मनीच्या एका बाजूच्या मिशा कात्रीने उडवल्या होत्या, बिचारी आठवडाभर दाराच्या चौकटीशी येऊन थबकायची. अर्थात अंदाज चुकतोच कधीतरी, आमचा आत्ताचा जाड्या कपाटाखाली अडकला होता, दोघांनी कपाट उचललं तेव्हा सुटला.

अर्धी_भाकरी:
मी नवरोबांसाठी लिहितो. पायावर पडतं हे खरंय. 1894 साली फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने मांजर उलटं धरून सोडलं आणि भराभर फोटो काढले, तेव्हा दिसलं की ते आपल्या हाताला रेटा देऊन वळत नाही, हवेतल्या हवेत कमरेत वाकतं, पुढचे पाय जवळ घेऊन पुढचा अर्धा भाग फिरवतं आणि तेव्हा मागचे पाय ताणलेले असतात, मग त्याच्या उलट. पण पायावर पडणं म्हणजे न लागणं नव्हे!! न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची माहिती छापली, उपचारानंतर 90 टक्के जगली, लोक एवढंच सांगत सुटतात. अहो पण जी जागेवरच गेली ती दवाखान्यात कोण नेणार? आणि जगलेल्यांत छातीला मार, जबडा फुटणं, टाळू चिरणं भरपूर. जाळीपेक्षा ऑपरेशन महाग पडेल एवढं सांगा त्यांना.

इंजेक्शनवाली:
+१. आणि पडलाच कधी, तर वरून ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्या. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, ती पचवायची सोय त्यांच्या लिव्हरमध्ये नाहीये, अर्ध्या गोळीनेही जातात.

चकलीचा_सोऱ्या:
सगळ्यांचे आभार! व्हिडिओ काढला, अगदी तसंच, आधी उजवा खांदा मग डावा. सासूबाईंनी चार वेळा बघितला, म्हणाल्या हाडं असतील पण ढिली असतील 😄 जबड्याचं वाचून नवरा गप्प झाला, जाळीवाला रविवारी येतोय. तोवर काच बंद, आणि बाळ्या काचेला नाक लावून कबुतरांकडे बघत दात कटकट वाजवतोय.