ताकाओ डोंगर: आई-बाबांना घेऊन एका दिवसात, कधी आणि कुठल्या वाटेने?

पौडरोडकर: ऑफिसच्या कामाने वर्षभर टोकियोत आहे, घर शिंजुकूजवळ. पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, एप्रिल की नोव्हेंबर ते ठरायचंय. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर एका दिवसात होतो म्हणतात. बाबा अजून सिंहगड चढतात, आईचे गुडघे दुखतात. कसं जमवावं? फुजी दिसतो का? दोघंही शाकाहारी आहेत.

केतकी_ता: डोंगर 599 मीटर, पायथ्याचं स्टेशन साधारण 190 वर. म्हणजे चढ चारशेच मीटर, सिंहगडच्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षा कमी. शिंजुकूहून केइओ लाइनची थेट ताकाओसानगुचीला जाणारी गाडी घ्या, तासाभरात पोचाल. इथे दोन घोळ हमखास होतात. नुसतं 'ताकाओ' हे आधीचं स्टेशन आहे, तिथे उतरू नका. आणि हाचिओजीची गाडी पकडलीत तर कितानोला बदला. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) या लाइनवर चालत नाही, सुइका (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) चालतं.

आईंना केबल कारने न्या. ती 472 मीटरपर्यंतच जाते, पुढे माथ्यापर्यंत पाऊण तास चालावं लागतं. ही एक नंबरची वाट, रस्ता पक्का आहे. वाटेत दोन फाटे फुटतात: ओतोको-झाका म्हणजे 108 पायऱ्या, ओन्ना-झाका म्हणजे बिनपायऱ्यांचा चढ. आईंनी दुसराच धरावा. याकुओ-इन देवळात मात्र पायऱ्या आहेत. नाही जमलं तर देवळापासूनच परत फिरा, तेवढ्यातही डोंगर पाहून होतो. उतरतानाही केबल कारच घ्या, कारण एक नंबरच्या वाटेचा खालचा उतार सिमेंटचा आणि तीव्र आहे, गुडघे तिथेच बोलायला लागतात.

बाबांना सहा नंबरची वाट आवडेल. ती ओढ्याकाठून जाते, 3.3 किलोमीटर, दीड तास. शेवटी ओढ्यातल्याच दगडांवरून चालायचं, मग लांबच लांब पायऱ्या. पावसानंतर दगड शेवाळाने निसरडे होतात, तेव्हा ही वाट नको. उतरायला तर नकोच.

सह्यवारा: तारखांबद्दल माझं मत वेगळं आहे. एप्रिल-नोव्हेंबर दोन्ही सोडा, डिसेंबरचा पहिला आठवडा धरा. मेपलची पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून रंगतात आणि तेव्हा शनिवार-रविवारी केबल कारची रांगच तास खाते. डिसेंबरात गर्दी ओसरते, पायथ्याकडे थोडा रंग शिल्लक असतो आणि हवा कोरडी असल्याने सकाळी फुजी स्वच्छ दिसतो. एप्रिलमध्ये चेरी टोकियोनंतर फुलते, पण धूसर हवेत फुजी बहुतेक वेळा गायबच. वसंतात 'सुगी' म्हणजे जपानी देवदाराच्या झाडांचे परागकणही उडतात. बाबांना शिंकांचा त्रास असेल तर मास्क न्या.

डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणून दोनच्या सुमारास उतरायला लागा. पहाटेचं दव-बर्फ दुपारी वितळून मातीच्या वाटांवर चिखल होतो, तिथे गुळगुळीत तळाचे बूट घसरतात. 22 डिसेंबरच्या आसपास मावळता सूर्य नेमका फुजीच्या टोकावर येतो. तेव्हा जायचं असेल तर टॉर्च घ्या आणि गर्दी गृहीत धरा.

पौडरोडकर: डिसेंबर पक्का! आणि जेवणाचं?

केतकी_ता: तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे तोरोरो सोबा, किसलेल्या कंदाची. पण रश्श्यात सुक्या माशाचा अर्क असतो, 'भाजी घातलीय' या उत्तरावर विसंबू नका. घरून पराठे-चटणी न्या. माथ्यावर कचराकुंड्या नाहीत, रिकामी पिशवी बरोबर असू द्या.