मदत हवी आहे : जपानच्या मोरी घराण्याबद्दल

नमस्कार मंडळी. मुलीला काठ्यांच्या मोळीची गोष्ट सांगत होते, तर ती म्हणाली, "आई, जपानमध्ये ही बाणांची आहे." तिथून मी मोरी घराण्यात शिरले ती अजून बाहेर आलेली नाही. (हो, आपल्या मोरीवरून घरात विनोद करून झालेत.)

गोष्ट अशी, की घराण्याचा प्रमुख मोतोनारी याने मरताना तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला, मग तिन्ही एकत्र. पण थोरला ताकामोतो १५६३ मध्येच गेला, मोतोनारी १५७१ मध्ये. मग तिघे अंथरुणापाशी कसे? १५५७ चं एकीचा उपदेश करणारं पत्र मात्र खरं आहे. त्यात बाण नाहीत!

पुढचं तर फारच झोंबतं. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत नातू तेरुमोतो पश्चिम सैन्याचा नावाचा प्रमुख, पण बसला ओसाकाच्या किल्ल्यात. दुसऱ्या मुलाचा मुलगा हिरोइए आधीच समोरच्या पूर्व सैन्याचा प्रमुख तोकुगावा इएयासू याच्याशी संधान बांधून, आणि तिसऱ्याचा दत्तक मुलगा हिदेआकी ऐन लढाईत फिरला. घराण्याचं उत्पन्न ११ लाख कोकूंवरून (कोकू म्हणजे तांदळाचं माप, साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ) जेमतेम ३ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. हिरोशिमा सुटलं, हागी या समुद्रकाठच्या गावी जावं लागलं.

आता अडलंय ते इथे : एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नात त्यांनी पदरचे सामुराई कसे पोसले? यावर सोपं इंग्रजी किंवा मराठी वाचायला काही आहे का? हागीला कुणी जाऊन आलंय का? आणि नाव 'मोरी' लिहू की 'मोऽरी'? जपानी येणाऱ्यांनी कृपया सांगा.