गड न चढता कोकणात चालायचंय: पाणी आणि गोष्ट असलेल्या वाटा सुचवा

गोष्टीवेल्हाळ
मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस कोकणात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, माझी बहीण आणि आई. आई पुण्यात रोज तळजाईच्या टेकडीवर फिरते, त्यामुळे चालण्याची धास्ती नाही. उतारावर गुडघा कुरकुरतो, एवढंच.

गड, कडे, दोर, पहाटे तीनला उठून चढाई यातलं काहीही नको. गावातून जाणारी वाट हवी, पाखाडी (दगडी पायऱ्यांची गाववाट) असली तर उत्तम. वाटेत तळं, झरा, खाडी असं काहीतरी पाणी आणि त्या पाण्याची एखादी दंतकथा. आईला गोष्ट नसलेलं देऊळ बेचव लागतं. दिवसाला सात-आठ किलोमीटर पुरेत. गाडी आणणार नाही, रेल्वेने उतरून पुढे एसटी-रिक्षा. रत्नागिरी ते वेंगुर्ले या पट्ट्यात कुठेही चालेल. नेटवर शोधलं तर तेच ते दहा किनारे आणि पॅरासेलिंग.

कातळावरून
तुमच्यासाठी आडिवरे-कशेळी. रत्नागिरीहून पावस-पूर्णगडमार्गे एसटीने आडिवऱ्याला उतरायचं, महाकालीचं दर्शन घ्यायचं आणि तिथून कशेळीला चालत जायचं. डांबरी रस्ता आहे, पण गावात विचारलंत तर वाड्यांमधून जाणाऱ्या पायवाटा दाखवतात.

कशेळीचा कनकादित्य म्हणजे सूर्याचं देऊळ. आपल्याकडे सूर्याची देवळं मोजकीच. गोष्ट अशी: सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत कशेळीच्या समोर आलं आणि अडलं. काही केल्या हलेना. शेवटी नावाड्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, तेव्हा कुठे गलबत सुटलं. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला, तिने गावकऱ्यांना घेऊन मूर्ती वर आणली. देवाच्या नावात आधी तिचं नाव लागतं, हे मला फार आवडतं. या गोष्टीत खिलजीची स्वारीही येते, ती मात्र कानाआड करा. देवळाकडे शिलाहार भोजाचा ताम्रपट आहे, शके १११३चा, म्हणजे ११९१. खिलजीची फौज गुजरातेत उतरली ती त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. पुजाऱ्यांशी यावर वाद घालू नका, निवांत ऐका. रथसप्तमीच्या उत्सवाला आडिवऱ्याची कालिकादेवी इथे येते, म्हणजे तुम्ही चालणार ती वाट देवीचीच.

देवळापासून पुढे कड्यावर गेलात की खाली देवघळीचा लहानसा किनारा दिसतो. आईंना वरूनच समुद्र दाखवा, उतरण गुडघ्याला बरी नाही. संध्याकाळ इथेच करा.

आणि सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळी पठारावरचं, कातळशिल्प चुकवू नका. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, जरा लांबून, ऊन तिरपं असताना बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तरी सगळीकडे कुंपण नाही. रेघांवर पाय देऊ नका.

धारेखालचा
मार्लेश्वर! गुहेतला महादेव, शेजारी धबधबा, गुहेत साप, संक्रांतीला देवाचं लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी. याहून जास्त गोष्ट कुठे मिळणार?

कातळावरून
@धारेखालचा, पायऱ्या विसरलात का? चारशेच्या वर आहेत आणि त्या उतरायच्याही असतात. त्यांनी गुडघ्याचं स्पष्ट लिहिलंय.

धारेखालचा
पायऱ्या आहेत, कठडे आहेत, बसायला जागा आहे. आमच्या आजी दरवर्षी जातात.

कातळावरून
तुमच्या आजी देवरुखच्या असणार. पुण्याचे गुडघे वेगळे.

नेरूरपारकर
भांडा नको रे. पाणी आणि गोष्ट एकाच जागी हवी तर धामापूर. कुडाळ स्टेशनला उतरायचं, मालवणची एसटी पकडायची, नेरूरपारचा कर्ली नदीवरचा पूल ओलांडला की काळसे आणि धामापूर.

तळं १५३० सालचं. विजयनगरच्या अमलातले मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून ते केलं. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. आमच्याकडे सांगतात ती कथा अशी: कुणाच्या घरी लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा तिच्यात सोन्याचे दागिने असायचे. कार्य आटोपलं की ते तसेच पाण्यात परत करायचे. मग कुणाला तरी मोह झाला, त्याने परत केले नाहीत आणि देवीने हात आखडता घेतला. कोण होता तो, हे विचारलंत तर प्रत्येक वाडी पलीकडच्या वाडीकडे बोट दाखवते.

मला विचाराल तर खरी गंमत या कथेच्या पलीकडे आहे. जे तळं सोनं द्यायचं म्हणतात ते पाचशे वर्षं भात पिकवतंय. धामापूर आणि काळशाची शेती या पाण्यावर, मालवण शहराच्या नळाला पाणी इथून. २०२०मध्ये सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. म्हणून चालताना नुसतं देवळापाशी थांबू नका. बांधावरून उतरा, पाटाच्या कडेने काळशाकडे चला. दिवाळीनंतर भातकापणी चालू असते, कुणगे (भाताचे वाफे) अर्धे रिकामे, अर्धे पिवळे. वाट जवळजवळ सपाट आहे. शेवटी कर्लीच्या काठाला लागाल, तिथे माडाखाली बसून डबा खावा.

तळ्यात उतरू नका. दिसतं त्याहून खोल आहे आणि लोकांचं पिण्याचं पाणी आहे.

उन्हाळेकर
राजापूरच्या गंगेचं कुणीच कसं बोललं नाही? आमच्या उन्हाळे गावात अचानक जमिनीतून पाणी येतं, चौदा कुंडं भरतात, काही महिने राहतं आणि जातं. पूर्वी साधारण तीन वर्षांनी यायची, आता वेळापत्रक पाळत नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर तिकीट काढू नका. नदीकाठचा गरम पाण्याचा झरा मात्र बारमाही आहे. दिवसभर चालून पाय दुखले असतील तर यासारखं औषध नाही. शहराच्या दुसऱ्या अंगाला धूतपापेश्वर, मृडानी नदी देवळाशेजारीच कोसळते. राजापूर बाजारातून चालत जाता येतं.

पावसची
मी एक लहानशी भर घालते. पावस ते गणेशगुळे. सकाळी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन, गौतमी नदीकाठी थोडं रेंगाळायचं आणि मग डोंगरावर गणेशगुळ्याला. म्हणतात की गुळ्याच्या गणपतीच्या नाभीतून पाण्याची धार वाहायची. ती एके दिवशी थांबली आणि गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. पुळ्याला रांगा आणि गुळ्याला शुकशुकाट, एवढा फरक त्या एका धारेने पडला. जांभ्या दगडाचं देऊळ आहे, आणि गाभाऱ्याचं दार म्हणाल तर खडकानेच बंद केलंय, तोच गणपती. तुमच्या आईंना हे नक्की आवडेल.

आरवलीचो
येवा, कोकण आपलाच असा! पण वेतोबाक भेटल्याशिवाय परत जाव नकात.

बाकी प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर ताई म्हणतील कळलं नाही. वेतोबा हा आरवलीचा ग्रामदेव, तो रात्री गावाच्या फेरीला निघतो, म्हणून त्याला चपला वाहतात, त्याही चांगल्या हातभर लांब. त्या झिजतात अशी श्रद्धा. चालणाऱ्या माणसांचा याहून जवळचा देव कुठला? सोबत केळीचा घड. शिरोड्याहून आरवली पायी सहज होतं. शिरोड्याची मिठागरं बघा, १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता.

गोष्टीवेल्हाळ
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. आईने वाचून निकाल दिला: पावस-गुळे, मग कशेळी, मग धामापूर. मार्लेश्वर एकदा बहीण एकटी करेल. वेतोबा जमवायचा प्रयत्न करते, कारण आईला चपलांची गोष्ट फार पटली.

आता दोन शंका. सड्यावर सापांचं काय? आणि भरती-ओहोटी कशी बघायची? हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर माणसं लाटांनी ओढली गेल्याचं वाचून जरा धसका घेतलाय.

कातळावरून
फुरसं असतं, खोटं कशाला सांगू. आखूड असतं, कातळाच्या रंगात मिसळून जातं आणि दगडाच्या फटीत बसतं. बूट घाला, गडग्यावर (दगडी कुंपणावर) बघितल्याशिवाय हात टेकू नका, दगड उचलू नका. अंधार पडायच्या आत वाडीत या. चावलंच तर बांधाबांध, चिरा देणं असले प्रकार न करता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. आणि कुणाच्या आगरातून वाट जात असेल तर आधी हाक मारून विचारा, बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर परत लावा. गुरं शिरली तर गोष्टी सांगायला कुणी उरणार नाही.

पावसची
भरतीसाठी आमच्याकडचा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याच्या आधी-नंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना तेच. हा अदमास आहे, पुढे-मागे होतं. म्हणून खडकांवर जायच्या आधी कोळीवाड्यात विचारायचंच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पूर्ण ओहोटीलाच करायची असते आणि तिथले लोक नको म्हणाले तर नकोच.

गोष्टीवेल्हाळ
कालनिर्णय काढून बसलेय. कशेळीला पंचमी येतेय, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. मग देवघळीला सकाळी जावं आणि देऊळ नंतर करावं का?

कातळावरून
आई वरूनच बघणार असतील तर ओहोटीचा काय संबंध? सकाळी देऊळ आणि पुजाऱ्यांची गोष्ट, दुपारी जेवण आणि आराम, तीननंतर हत्ती, मग कडा. बहिणीला खाली उतरायचं असेल तर ती सकाळी नाश्त्याआधी जाऊन येऊ दे. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी चार माणसांचं ताट कुठल्या घरात होत नाही. मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच सांगा.