आयपीआर कार्बीन + ट्रायक्लोरोसिलेन : पांढरा गाळ फार येतोय

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. ग्लव्हबॉक्स नाही, श्लेंक लाइनवरच (व्हॅक्यूम आणि निष्क्रिय वायू देणारी काचेची नळी) आयपीआर-सिलिकॉन डायक्लोराइड करायचंय (रोएस्की यांच्या संशोधन गटाची २००९ ची पद्धत). आयपीआर हे कार्बीन, म्हणजे दोनच बंध असलेला कार्बन, दोन नायट्रोजनांच्या मध्ये. १.०० ग्रॅम आयपीआर क्लोराइड क्षार (प्रोटॉन जोडलेलं कार्बीन), ०.२८ ग्रॅम पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड (प्रोटॉन काढणारा बेस), टीएचएफ या द्रावकात तासभर ढवळलं. त्याच फ्लास्कमध्ये ०.१२ मिली ट्रायक्लोरोसिलेन सोडलं. भसाभस पांढरा गाळ! एनएमआर स्पेक्ट्रममध्ये (क्लोरोफॉर्म-डी द्रावकात) १० पीपीएमजवळ ठळक सिंगलेट, म्हणजे एकेरी शिखर. पावसाळी हवेचा ओलावा नडला का?

कॅन्युलावाला
ओलाव्यावर खापर फोडण्याआधी फ्लास्कमध्ये काय उरलं होतं ते बघा. क्षारातून प्रोटॉन निघाला की तितकेच मोल टर्ट-ब्युटेनॉल तयार होतं. सिलेन टाकल्याबरोबर ते सिलिकॉन-क्लोरीन बंधावर तुटून पडतं, हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो कार्बीनला परत क्षार करून टाकतो. कार्बीन बनलं होतं, पुढच्या पायरीत मेलं.

म्हणून टीएचएफ आणि त्यासोबत ते ब्युटेनॉल पूर्ण ओढून काढा, उरलेलं घन व्हॅक्यूममध्ये आणखी दोन तास ठेवा, मग कोरड्या टोल्युइनमध्ये काढून सेलाइटवरून (गाळायची बारीक पावडर) गाळा. पोटॅशियम क्लोराइड मागे राहील. त्याहून बरं म्हणजे सोडियम हायड्राइड आणि चिमूटभर ब्युटॉक्साइड वापरा, हायड्रोजनशिवाय दुसरं काही सुटत नाही. हायड्राइडमधलं तेल आधी कोरड्या हेक्सेनने धुवून घ्या.

थोडा गाळ मात्र येणारच. एक कार्बीन सिलिकॉनला धरतं, दुसरं हायड्रोजन क्लोराइड उचलतं, म्हणून प्रमाण २:१. तुमच्या मापाला टोल्युइनमध्ये न विरघळणारा क्षार ०.५० ग्रॅम आला तर हिशोब जुळला. ०.७ ग्रॅम आला तर कुठेतरी प्रोटॉन शिरलाय.

रंकाळाकाठ
अच्छा, म्हणजे १० पीपीएमचा सिंगलेट दिसणं चुकीचं नव्हतंच! पण मग कार्बीन शिल्लक आहे हे सिलेन टाकण्याआधी कसं तपासू?

कॅन्युलावाला
क्लोरोफॉर्म वापरू नका, तो स्वतःच कार्बीनशी भिडतो. बेंझीन-डी६ घ्या. मुक्त आयपीआरचा रिंगवरचा सिंगलेट ६.६ च्या आसपास, कार्बन-१३ मध्ये कार्बीन कार्बन २२० जवळ. क्षार बेंझीनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे स्पेक्ट्रम स्वच्छ दिसला तरी ट्यूबच्या तळाशी नजर टाका.

पन्हाळा_लॅब
ओलावा अगदीच निर्दोष नाही हं. कोल्हापूरच्या जुलैत ब्युटॉक्साइडची बाटली दोनदा उघडली की पावडरीची ढेकळं होतात. संप्लवनाने (घनाची थेट वाफ करून) शुद्ध करून, सीलबंद वायलमध्ये छोट्या वाटण्या करून ठेवा. क्षार १०० अंशांवर रात्रभर व्हॅक्यूममध्ये, काच ओव्हनमधून गरम असतानाच लाइनवर. ट्रायक्लोरोसिलेन ३२ अंशांना उकळतं, सिरिंज आणि बाटली बर्फात गार करूनच माप घ्या, नाहीतर ०.१२ मिलीतलं किती उडालं ते कळत नाही.

लाइट गेली की आधी पंपाकडचा टॅप बंद करा, तेल मागे ओढलं जातं. द्रव नायट्रोजनचा ट्रॅप (वाफा गोठवून अडवणारी नळी) लावलेला असताना त्याच्याकडे आर्गॉन सोडू नका, तो ट्रॅपमध्येच द्रव होऊन साठतो आणि गरम झाला की दणका देतो.

रंकाळाकाठ
पुढे हायड्रोजन, अमोनिया फोडायचा विचार आहे. आयपीआर चालेल?

कॅन्युलावाला
एकटं आयपीआर हायड्रोजन फोडत नाही. त्यासाठी सीएएसी (सायक्लिक अल्किल अमिनो कार्बीन) घ्या, बर्ट्रांड गटाने २००७ मध्ये त्याने हायड्रोजन आणि अमोनिया दोन्ही फोडून दाखवले. त्यात एका नायट्रोजनच्या जागी कार्बन असल्याने रिकाम्या ऑर्बिटलला मिळणारा इलेक्ट्रॉनांचा पुरवठा कमी पडतो, म्हणून ते देतंही जास्त आणि घेतंही जास्त.