ऑटोमॅटिक सगळ्या सारख्या नसतात
'दोनच पेडल असली की सगळ्या ऑटोमॅटिक सारख्याच' हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. फरक चढावर कळतो. एएमटीमध्ये (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) क्लच आणि गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीचेच असतात, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्चुएटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर हलणारी यंत्रणा, करतो. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये मी ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी तोलून धरायचो. एकदा काही मिनिटांतच जळका, उग्र वास थेट आत आला. क्लच अर्धवट लागून सतत घासत होता. ड्राय क्लचच्या डीसीटीलाही (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकलाही) हाच धोका असतो, म्हणून घेण्यापूर्वी क्लच ड्राय (कोरडा) आहे की वेट (तेलात बुडालेला) हे जरूर विचारा. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर तेलातून पोचतो, त्यामुळे ही घासाघीस होत नाही. तेल तापतं मात्र, तेव्हा तिथेही ब्रेकच दाबावा.

आणि सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पुलींवरच्या पट्ट्याने गुणोत्तर सलग बदलणाऱ्या ऑटोमॅटिकला, कुणी 'नवीन प्रयोग' म्हणत असेल, तर डाफ या डच कंपनीने रबरी पट्ट्याची सीव्हीटी 1958 मध्येच गाडीत आणली होती. आता बहुतेक कारमध्ये पट्टा स्टीलचा असतो. टोयोटा प्रियस या हायब्रिड (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीच्या ई-सीव्हीटीत तर पट्टाच नाही! प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि दोन मोटर-जनरेटर मिळून वेगाचं गुणोत्तर सांभाळतात. त्यामुळे सीव्हीटीचा पट्टा झिजेल अशी जी भीती काहींना वाटते, ती ई-सीव्हीटीला लावू नका.