यामाहा डीएक्स७ सिंथेसायझरचा ऑर्गन पातळ? अल्गोरिदम ३२ लावून बघा

‘एफएम (एका लहरीने दुसरी लहर हलवून, म्हणजे मॉड्युलेट करून, आवाज घडवणं) म्हणजे घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो, त्यावर ऑर्गन पातळच वाजणार’ असा एक आक्षेप आहे. तयार प्रीसेटपुरतं मान्य. पण १९८३च्या त्या यामाहात ३२ नंबरचा अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना जोडायची रचना) आहे: सहाही ऑपरेटर (साइन लहर काढणारे घटक) समांतर, कुणी कुणाला मॉड्युलेट करत नाही. म्हणजे सहा साइन लहरींची निव्वळ बेरीज, हॅमंड ऑर्गनच्या ड्रॉबारसारखीच (ड्रॉबार म्हणजे एकेका लहरीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या). (ड्रॉबार नऊ असतात, तेवढी काटकसर करायची.)

डेक्स्डमध्ये (डीएक्स७ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) ऑपरेटरचे रेशो (मूळ सुराच्या किती पट) ०.५, १.५, १, २, ३, ४ लावा आणि व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी (कळ किती जोरात दाबली त्याचा परिणाम) शून्य ठेवा. आउटपुट लेव्हल चारने उतरवली की साधारण ३ डेसिबल कमी होतात, ड्रॉबार एक घर आत ढकलल्याइतके. सहाव्या ऑपरेटरला किंचित फीडबॅक (स्वतःचीच लहर परत स्वतःला) दिला की आवाजाला जरा खरखरीत धार येते. रोटरी (फिरत्या) स्पीकरचा इफेक्ट मात्र बाहेरून लावाच, नाहीतर मीही पातळच म्हणेन.